उतारावरची सायकल आणि शेवटची फेरी

गेल्या सोमवारी दवाखान्यातली गर्दी ओसरल्यावर एक निवृत्त गुरुजी आले. प्रकृतीची तक्रार काहीच नव्हती. रक्तदाब मोजून झाला, तो नेहमीप्रमाणे ठीक निघाला, तरी ते उठेनात. मग खिशातून मोबाइल काढून त्यांनी मला एक चित्रफीत दाखविली. तोंडासकट सगळे डोके झाकणारे हेल्मेट घातलेला एक मुलगा जाड टायरच्या सायकलवरून डोंगराच्या उतारावर सुसाट खाली येतो, मातीच्या उंचवट्यावरून हवेत उडतो आणि दहा-पंधरा फूट पुढे जाऊन पुन्हा जमिनीला टेकतो.

"डॉक्टर, आमचे चिरंजीव व्हँकुव्हरला शिकायला आहेत. ते आणि त्यांचे चार मित्र ऑगस्टमध्ये या ठिकाणी चालले आहेत. खोली ठरवली, तिकिटे काढली, सायकली तिथेच भाड्याने मिळतात म्हणे. मी नको म्हटले तर ऐकणार नाहीत. निदान काय काळजी घ्यायची ते तरी सांगा."

मी चित्रफीत पुन्हा एकदा लावायला सांगितली. मागचा डोंगर ओळखीचा वाटला. विचारले तर नाव तेच निघाले, व्हिस्लर. या गावी मी २०२३ च्या ऑगस्टमध्ये चार दिवस राहून आलो आहे, आणि तिथे माझ्याकडून, डॉक्टर असूनही, एक चूक झालेली आहे. ती पुढे सांगतो. आपल्या तालुक्यातून मुले-मुली परदेशी शिकायला जाणे आता नवलाचे राहिलेले नाही, तेव्हा हा प्रश्न एकट्या गुरुजींचा नव्हे असे समजून या आठवड्याचा लेख त्यावरच लिहीत आहे.

हे ठिकाण आहे तरी काय?

व्हिस्लर हे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातले डोंगरातले गाव. व्हँकुव्हरपासून समुद्राच्या कडेने आणि मग डोंगरातून जाणाऱ्या ९९ क्रमांकाच्या रस्त्याने साधारण १२० किलोमीटर. हिवाळ्यात बर्फावरून घसरण्याच्या खेळासाठी जगभरातून लोक येथे येतात. २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकच्या काही स्पर्धा याच गावात झाल्या. बर्फ वितळल्यावर तेच डोंगर आणि तेच पाळणे उन्हाळ्यात सायकलवाल्यांच्या उपयोगी पडतात. १९९९ सालापासून तेथे रीतसर सायकल पार्क चालू आहे. साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत त्याचा मोसम असतो.

आपल्याकडे रायगडावर जसा रोपवे आहे तसे पाळणे तेथे आहेत. सायकल पाळण्याला अडकवायची, आपण बसायचे, वर जायचे आणि मुद्दाम बांधलेल्या वाटेने सायकलवरून खाली यायचे. पुन्हा पाळणा, पुन्हा उतार. गाव आहे पावणेसातशे मीटर उंचीवर आणि डोंगराचा माथा २,१०० मीटरच्याही वर. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला जाताना आपण जेवढे वर जातो, त्याच्या जवळजवळ अडीचपट उतार. अर्थात सगळेच माथ्यावरून येत नाहीत. बहुतेकांच्या फेऱ्या खालच्या टप्प्यातल्याच असतात.

आता यातली ग्यानबाची मेख पाहा. आपण लहानपणी सायकलवरून टेकडी उतरलो ती आधी घाम गाळून चढल्यावर. चढतानाच दम लागायचा, मांड्या भरून यायच्या, आणि दोन-तीन वेळा झाले की आपोआप थांबायचो. पाळण्याने चढ काढून टाकला. दम लागत नाही, म्हणून थकलो असे वाटत नाही. पण उतारावर शरीर काही स्वस्थ बसलेले नसते. सीटवर बसायचे नसते. दोन्ही पायडल सारख्या पातळीत ठेवून, गुडघे आणि कोपरे वाकवून उभ्यानेच यायचे असते. म्हणजे अर्धी बैठक मारून दहा-पंधरा मिनिटे धक्के खात राहणे. त्यात हाताच्या मुठी हँडल आवळत असतात आणि बोटे ब्रेक दाबत असतात. सतत आवळल्याने कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू फुगतात, त्यांतले रक्त नीट फिरत नाही आणि हात दगडासारखा कडक होतो. मग बोटे ब्रेक दाबायचे ठरवतात, पण दाब पुरेसा पडत नाही.

सायकल पार्कची सहल आखताना मुले खोलीचा, पैशांचा, हवामानाचा विचार करतात. किती फेऱ्या मारायच्या आणि कुठे थांबायचे हे मात्र कोणी आखत नाही. माझ्या मते सगळ्यात आधी तेच ठरवायला हवे.

माझी चूक

माझी धाकटी बहीण मुलाकडे व्हँकुव्हरला गेली होती, तेव्हा तिच्या सोबतीला मीही गेलो. भाचा संगणकाच्या कामात आहे, वय तेव्हा अठ्ठावीस. सायकलचा भारी नाद. त्याने आम्हा दोघांना व्हिस्लर दाखवायला नेले. बरोबर त्याचा एक मित्र होता. तो आणि मित्र दिवसभर पार्कात, आणि आम्ही बहीण-भाऊ गावात हिंडत, बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची मजा पाहत. परतीच्या दिवशी सकाळी दहापासून भाच्याने आठ फेऱ्या मारल्या. पाच वाजता आम्ही निघायचे ठरले होते. साडेचार वाजता तो येऊन म्हणाला, "मामा, एक शेवटची मारून येतो, सोप्या वाटेने."

पडला तो त्याच फेरीत. अवघड वाटेवर नव्हे, 'बी-लाइन' नावाच्या मध्यम वाटेवर, जिथून तो त्याच दिवशी चार वेळा आलेला होता. वळणावर पुढचे चाक घसरले आणि तो डोक्यावर व खांद्यावर आपटला. लगेच उठला, स्वतःच सायकल चालवत खाली आला. हेल्मेटला एका बाजूने लांब ओरखडा होता. बहीण रडवेली झाली. मी मोबाइलच्या टॉर्चने डोळे पाहिले; दोन्ही बाहुल्या सारख्या, उजेडाने आकसणाऱ्या. हात-पाय हलवून पाहिले, उलटी नाही, बेशुद्धी नाही. मी मोठ्या रुबाबात सांगितले, "काही झालेले नाही. चला." आणि त्याला गाडी चालवू दिली.

गाडी व्हिस्लरच्या बाहेर पडल्यावर त्याने विचारले, "मामा, तुझे परतीचे विमान सोमवारी की मंगळवारी?" मी मंगळवार सांगितले. दहा मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. मला वाटले, रस्त्याकडे लक्ष आहे म्हणून विसरला. तिसऱ्यांदा त्याने अगदी त्याच शब्दांत, त्याच आवाजात विचारले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला ट्रक, आणि ज्याच्या मेंदूला हादरा बसला आहे तो गाडी चालवतो आहे, मी शेजारी बसलो आहे! बाजूला गाडी थांबवायची जागा दिसताच थांबायला लावले. तेथून मित्राने गाडी घेतली. वाटेत स्क्वॉमिश नावाचे गाव लागते, तेथल्या रुग्णालयात दाखविले. चार तास ठेवून घेऊन, तपासून घरी सोडले. मेंदूत रक्तस्राव नव्हता. मात्र डोकेदुखी, उजेडाचा त्रास आणि पडद्यावर काम करताना येणारी गरगर पाच आठवडे टिकली.

बाहुल्या सारख्या आहेत म्हणजे मेंदू ठीक आहे, ही सिनेमातून आलेली समजूत. मेंदूला हादरा बसलेल्या बहुतेकांच्या बाहुल्या सारख्याच असतात. बेशुद्धीही बहुतेकांना येत नाही. बाहुली लहान-मोठी होते ती डोक्यात रक्त साठून दाब वाढल्यावर, म्हणजे पुष्कळ उशिरा. मी उशिराची खूण शोधत बसलो आणि समोरची पाहिली नाही.

डोक्याला मार लागला तर

मडक्यात दही आहे असे समजा. मडके जोरात हिंदकळले तर मडके फुटत नाही, पण आतले दही मोडते. हेल्मेट हे मडक्याला बांधलेले जाड फडके. त्याने कवटी वाचते आणि आतली मोठी इजाही पुष्कळ टळते, म्हणून ते हवेच, आणि उतारासाठी हनुवटीसकट झाकणारेच हवे. पण आतला हादरा हेल्मेट पूर्णपणे थांबवू शकत नाही. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये. आतला थर एकदाच दबण्यासाठी असतो.

अशा हादऱ्याला डॉक्टर कन्कशन म्हणतात. खुणा अगदी साध्या असतात. तोच तोच प्रश्न विचारणे, कसे पडलो ते न आठवणे, बोलताना शब्द न सापडणे, गोंधळल्यासारखे पाहणे, तोल जाणे, मळमळ, डोके जड होणे, विनाकारण चिडणे किंवा रडू येणे. मित्रांनी साधे प्रश्न विचारावेत: आत्ता कोणत्या वाटेवरून आलास, दुपारी काय खाल्लेस, काल रात्री कुठे होतो. उत्तर चुकले किंवा अडखळले की त्या दिवसाची सायकल बंद. 'थोडे बसून बघतो, मग जातो' हेही नाही. गाडी निदान चोवीस तास चालवायची नाही, आणि त्रास असेल तर त्यानंतरही नाही. पहिला हादरा भरून येण्यापूर्वी दुसरा बसला तर त्रास कितीतरी लांबतो, आणि तरुण मुलांत क्वचित मेंदूला सूज येऊन जिवावर बेतते.

पूर्वी आम्ही अशा रुग्णाला अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहायला सांगत असू. आता तसे करीत नाहीत. पहिले एक-दोन दिवस सौम्य विश्रांती, मोबाइल आणि संगणक अगदी कमी. मग हळूहळू चालणे-फिरणे. पडण्याचा धोका असलेला खेळ मात्र त्रास पूर्ण थांबून डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. दुखले तर पॅरासिटामॉल घ्यावी. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन पहिल्या दिवशी नको, कारण त्यांनी रक्त गोठण्यात अडथळा येतो.

आणि वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, फिट येणे, झोप अनावर होणे, एका हातापायातली शक्ती जाणे, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव, मानेत मध्यभागी दुखणे, यांपैकी काहीही दिसले तर क्षणाचा विलंब नको. मान दुखत असेल तर मित्रांनी त्याला उचलून बसवू नये, हेल्मेट ओढून काढू नये. आहे तसे पडू द्यावे आणि पार्काच्या मदत पथकाला बोलवावे. तेथे सायकलवरून फिरणारे पथक असते. त्याचा क्रमांक सकाळीच मोबाइलमध्ये घालून ठेवावा. बाकी कॅनडात कोठेही ९११. आपण कोणत्या नावाच्या वाटेवर आहोत हे मात्र सांगता आले पाहिजे, तेव्हा वर पाटी वाचूनच निघावे.

हात, पोट आणि तपकिरीची जागा

व्हिस्लरच्या पार्कातल्या अपघातांचा अभ्यास डॉक्टरांनी केलेला आहे. २००९ च्या एका मोसमात तेथल्या आरोग्य केंद्रात पार्कातून आलेल्या ८९८ जणांच्या नोंदी पाहिल्या. तो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. शंभरातले ८६ पुरुष, वय साधारण सव्वीसच्या आसपास. ३८२ जणांची मिळून ४२० हाडे मोडलेली, आणि त्यांतली तीन चतुर्थांश हातांची आणि खांद्यांची. शंभरात अकरा जणांच्या मेंदूला इजा. यात फक्त इजा होऊन आलेलेच मोजले आहेत. जाणाऱ्यांपैकी किती पडतात हा हिशेब यावरून मांडू नये. पण पडल्यावर काय मोडते ते यातून स्पष्ट दिसते.

पडताना माणूस हात पुढे टाकतो. ही जन्मजात सवय. मग मनगट मोडते, नाहीतर धक्का वर जाऊन कॉलर बोन, म्हणजे गळ्याखालचे आडवे हाड मोडते. कॉलर बोन लपत नाही, खांदा खाली उतरतो आणि रुग्ण हात पोटाशी धरून येतो. लपते ते मनगटातले एक काजूएवढे हाड, स्कॅफॉइड. अंगठा ताणून वर उचला. मनगटाजवळ दोन ताठ दोऱ्यांमध्ये एक खळगा पडेल. आपले आजोबा त्याच खळग्यात तपकीर ठेवून ओढत. पडल्यानंतर त्या खळग्यात दाबून दुखत असेल तर पहिल्या दिवशीच्या एक्स-रेवर विसंबू नये. या हाडाची चीर पहिल्या चित्रात पुष्कळदा दिसत नाही. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढावा लागतो आणि तोवर मनगट बांधून ठेवावे लागते. या हाडाला रक्तपुरवठा एकाच टोकाकडून होतो, म्हणून दुर्लक्ष झाले तर ते जुळतच नाही. 'मुरगळले असेल' म्हणून हळद-तुरटीचा लेप लावून सहा महिन्यांनी आलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि ती डोंगरावरून नव्हे, मोटारसायकलवरून पडलेली होती.

दुसरी लपणारी इजा पोटातली. सायकल आडवी होते आणि हँडलचे टोक पोटात घुसते. बाहेर फक्त एक गोल वळ उठतो. आत मात्र पाणथरी, यकृत किंवा मूत्रपिंड फाटलेले असू शकते, आणि रक्त हळूहळू साठत राहते. खांद्याला काहीही लागलेले नसताना डाव्या खांद्याच्या टोकाला दुखू लागले तर ते पाणथरीचे दुखणे असू शकते. चक्कर, घाम, पोट फुगणे, लघवीला लाल होणे, या खुणांनाही वेळ घालवू नये. आपल्या भागाच्या दृष्टीने एक गोष्ट मुद्दाम सांगतो. हिवतापात पाणथरी वाढते. कॉलेजच्या मुलांत घसा सुजून ताप येणारा एक विषाणूचा आजार असतो, त्यातही वाढते. वाढलेली पाणथरी थोड्या माराने फुटते. तेव्हा असा ताप येऊन गेला असेल तर निदान महिनाभर हा खेळ नको, आणि निघण्यापूर्वी पोट तपासून घ्यावे.

ब्रेकची अदलाबदल

हे मी कोणाकडून ऐकले नाही, अनुभवले. व्हिस्लरमध्ये एक लॉस्ट लेक नावाचे तळे आहे. त्याच्या भोवती सपाट, सावलीची वाट. बहिणीला म्हटले, मीही सायकल चालवतो. भाड्याची सायकल घेतली. एका छोट्या उतारावर समोरून लहान मूल आले, मी सवयीने डाव्या हाताचा ब्रेक करकचून दाबला, आणि मागचे चाक हवेत! सुदैवाने वेग बेताचा होता; गुडघा खरचटण्यावर निभावले. बहीण अजून ती गोष्ट पाहुण्यांना सांगते.

कारण असे की आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक. मोटारसायकलला तसेच, स्कूटरला तसेच, जुन्या काळ्या सायकलीलाही तसेच. स्कूटर आणि सायकलला डाव्या हाताला मागचा. कॅनडात आणि अमेरिकेत सायकलला नेमके उलटे: डाव्या हाताला पुढचा, उजव्या हाताला मागचा. शिवाय त्या सायकलींचे ब्रेक तेलाच्या दाबाचे, एका बोटाने धरणारे. गावाकडे आठ-दहा वर्षे स्कूटर चालवलेला मुलगा घाबरला की त्याचे बोट विचार करत नाही, सवयीने दाबते. सपाटीवर गुडघा फुटतो, उतारावर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून सायकल हातात आल्यावर आधी गावातल्या मोकळ्या जागेत अर्धा तास फक्त ब्रेक दाबून पाहावेत. वाटल्यास दुकानदाराला सांगून अदलाबदल करून घ्यावी; ते काम त्यांच्या रोजच्यातले आहे.

सहल कशी आखावी

ऑगस्टला अजून आठ आठवडे आहेत, तेवढे पुरेत. व्यायामशाळेची गरज नाही. आपल्या तालमीतल्या जोर-बैठका यासाठीच जणू केल्या आहेत. बैठक मारताना अर्ध्यावर थांबून तीस आकडे मोजावेत. उतारावर मांड्यांना हेच करायचे असते. जोराने खांदे आणि छाती तयार होते. मुठीसाठी आडव्या दांडीला लोंबकळावे, किंवा ओला जाड टॉवेल रोज दहा वेळा पिळावा. आठवड्यातून चार दिवस पुरे. धनुर्वाताच्या इंजेक्शनला किती वर्षे झाली ते पाहावे. तेथली माती आणि खरचटणे यांची गाठ पडणारच.

विम्याचे कागद वाचावेत. बाहेरच्या माणसाला तेथील दवाखाना आणि रुग्णवाहिका फार महाग पडते, आणि विद्यार्थ्यांना प्रांताची आरोग्य योजना आल्या आल्या लगेच लागू होत नाही. खासगी प्रवास विम्यात 'साहसी खेळ वगळून' अशी बारीक अक्षरांतली ओळ पुष्कळदा असते. ती ओळ निघण्यापूर्वी सापडली तर थोडे पैसे जास्त भरून काम होते.

कोणी इकडून थेट जाणार असेल तर उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते, म्हणजे दिवसाची रात्र. पहिले दोन दिवस सायकलीला हात लावू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि फिट येणाऱ्यांनी हा खेळ करू नये. दम्याच्या रुग्णांनी आणखी एक लक्षात ठेवावे. त्या प्रांतात अलीकडे उन्हाळ्यात जंगलांना वणवे लागतात आणि धूर दूरवर पसरतो. हवा धुरकट असेल त्या दिवशी पैसे गेले तरी बेत रद्द करावा, पंप खिशातच असावा.

पहिल्या दिवशी अर्ध्या दिवसाचा शिकवणी वर्ग घ्यावा. मुलांना यात कमीपणा वाटतो, पण उभे कसे राहायचे आणि नजर कुठे ठेवायची हे मित्र शिकवू शकत नाही. वाटांना खुणा असतात: हिरवे वर्तुळ सोपे, निळा चौकोन मध्यम, पत्त्यातल्या चौकटसारखा काळा आकार अवघड, आणि दोन काळे आकार म्हणजे आपले काम नव्हे. आपण दुसऱ्या एखाद्या ठिकाणी निळ्या वाटेवरून आलो म्हणून येथेही येऊ, असे धरू नये. खुणा त्या त्या डोंगराच्या मानाने असतात. 'ईझी डझ इट' नावाची हिरवी वाट आहे, तेथून सुरुवात करावी. नवीन वाटेवर पहिली फेरी हळू, उंचवटे डोळ्यांनी पाहत. दुसरी थोडी बरी. तिसऱ्या फेरीत मोकळे सोडावे. तेथले लोक स्वतः हेच शिकवतात.

दर दोन फेऱ्यांनी दहा मिनिटे बसावे, हात मोकळे सोडावेत, पाणी प्यावे. हेल्मेटच्या आत घाम येतो तो दिसत नाही. शेंगदाण्याची चिक्की, केळे, मीठ-साखरेचे लिंबूपाणी उत्तम. दुपारी पोटभर पिझ्झा खाऊन लगेच वर जाऊ नये. दारू संध्याकाळी, सायकल दुकानात परत गेल्यावर, आणि घ्यायचीच असेल तर. गांजा कॅनडात २०१८ पासून कायदेशीर आहे, पण मेंदूला कायदा कळत नाही. तो ओढून उतारावर जाणे म्हणजे डोळे बांधून जाणे.

फेऱ्यांचे गणित सकाळी ठरवावे, कारण दुपारी ते ठरविणारे डोके थकलेले असते. नवख्याने पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी पाच-सहा. ब्रेक दाबताना दोन बोटे लागू लागली, उभे राहण्याऐवजी सीटवर बसावेसे वाटले, जिथे मघाशी सहज आलो तिथे पाय टेकावा लागला, तर उरलेल्या फेऱ्या सोडून द्याव्यात. पाळण्याच्या तिकिटाचे पैसे वसूल झाले नाहीत असे वाटेल. पाच आठवडे संगणकासमोर बसता आले नाही तेव्हा भाच्याचे किती नुकसान झाले ते त्याने मला नंतर आकड्यांत सांगितले. तिकीट त्यापुढे काहीच नव्हते. व्हिस्लरला जुने सायकलवाले 'शेवटची फेरी' हा शब्दच उच्चारीत नाहीत, अपशकुन मानतात. मला अपशकुनाचे माहीत नाही. थकलेला हात मला माहीत आहे.

भाचा अजून जातो. गेल्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला तेव्हा तेथे दुपारचे तीन वाजले होते, येथे पहाटेचे साडेतीन. बहिणीची झोप उडाली. तो म्हणाला, "आई, गाडीत बसलोय. अजून दोन फेऱ्यांचा वेळ होता." ही बातमी पहाटे सांगायची काय गरज, म्हणून ती त्याच्यावर रागावली.

गुरुजींनी मी सांगितलेले सगळे वहीत उतरवून घेतले. मग चष्मा काढून म्हणाले, "डॉक्टर, एवढे सगळे तो ऐकणार नाही. फोनवर दोन मिनिटे बोलतो. नेमके काय सांगू?"

मी म्हटले, "ब्रेक उलटे आहेत ते सांगा, आणि दुपारी तीनला थांब म्हणावे. बाकीचे पेपरात येईल, त्याचा फोटो काढून मित्रांनाही पाठवा."